माशीने मासा: केप कॉडच्या ओढ्यातला सॉल्टर

खाजणवाला | १४ एप्रिल, रात्री १०:१५

चार वर्षं, अकरा मासे. सगळ्यात मोठा साडेदहा इंच. एवढ्या भांडवलावर धागा काढतोय. मागच्या गटगला (आपल्या सभासदांच्या भेटीला) तिघांनी विचारलं की शनिवारी पहाटे चारला उठून तू जातोस कुठे, आणि तोंडी सांगायला गेलो की माझं हमखास फसतं. म्हणून लिहून टाकतो.

जातो केप कॉडला. नकाशात मॅसॅच्युसेट्सच्या अंगाला कोपरात वाकवलेल्या हातासारखी जमीन दिसते ना, ती. बॉस्टनहून तासभर गाडी. तिथे समुद्राला मिळणारे छोटे ओढे आहेत. नदी असं नाव लावलेलेसुद्धा ओढेच. काही ठिकाणी पँट दुमडून उडी मारली तर पलीकडे. त्यांत ब्रुक ट्राउट राहतो. इथला अस्सल मूळचा मासा, कोणी आणून सोडलेला नव्हे. यातले काही मासे थंडीच्या तोंडाला ओढा सोडून खाली खाडीत उतरतात. हिवाळा आणि वसंत तिथे चरतात, अंगावर चांदी चढवून घेतात आणि पाणी तापायच्या आत परत वर येतात. अशांना इथे 'सॉल्टर' म्हणतात. खारवलेला म्हणा हवं तर, पण आपल्याकडे खारवलेला म्हटलं की दोरीवर वाळत घातलेला बांगडा डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी सॉल्टरच म्हणेन.

ही वेगळी जात नाही. एकाच वाळूत घातलेल्या अंड्यांतून निघालेली भावंडं; एक शेतावर राहिला, एक बोटीवर गेला, तसं. कोण जाणार आणि कोण राहणार हे त्यांचं ते ठरवतात. राज्याच्या मत्स्यविभागाने काही ओढ्यांत माशांच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी खूणपट्टी घातली आहे आणि पात्रात आडवी तार लावून ठेवली आहे. मासा वरून गेला की त्याचा नंबर नोंदला जातो. आपल्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचतात, तेच तंत्र, फक्त पैसे कापत नाहीत.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. सुरुवातीची दोन वर्षं मी भरती-ओहोटीची तक्ते पाठ करत होतो. समुद्रात जाणारा मासा, तर समुद्र कळायला हवा, हा माझा हिशेब. लहानपण खाडीकाठी गेलं, त्यामुळे थोडी ऐटही होती. दोन वर्षांत मासे किती? शून्य. मग एका म्हाताऱ्या गृहस्थाने, ओढ्यावरच भेटलेल्या, माझ्याकडे बघून खिशातून स्वयंपाकघरातल्यासारखा तापमापक काढला आणि दोरीला बांधून पाण्यात सोडला. पन्नास पावलं वर चालला, पुन्हा सोडला. तीन अंशांचा फरक. म्हणाला, इथे जमिनीतून पाणी येतंय, इथे टाक.

केप कॉड म्हणजे हिमनदीने मागे ठेवलेला वाळू-गोट्यांचा ढीग. पाऊस पडला की सरळ आत मुरतो आणि वर्षभर साधारण दहा अंशांचं पाणी होऊन ओढ्यांच्या तळातून, काठांतून पाझरत राहतो. जुलैत शेजारचं तळं कोमट चहा झालेलं असताना या ओढ्यात पाय घातला तर नडगी ठणकते. ब्रुक ट्राउटला वीस अंशांच्या वर पाणी गेलं की जड जायला लागतं. पंचविसाच्या आसपास तो टिकत नाही. म्हणजे जातो समुद्रात, पण जीव अडकलाय जमिनीखाली. झरे आटले किंवा ओढा उघडा पडून तापला, तर खाली अख्खा अटलांटिक असून उपयोग काय?

आणि ओढे तापवायचं काम माणसाने तीनशे वर्षं मनापासून केलंय. आधी गिरण्यांसाठी बांध घातले. मग क्रॅनबेरी आली. तिची लागवड १८१६ साली इथल्याच डेनिस गावी हेन्री हॉलने सुरू केली, आणि पुढे एकेक ओढा सरळ करून, दारं लावून, दोन्ही बाजूंची झाडं तोडून त्याचं पाटात रूपांतर झालं. त्याआधी हे ओढे इतके नावाजलेले होते की बॉस्टनचे बडे लोक घोडागाडीने यायचे. सिनेटर डॅनियल वेबस्टर मॅशपी नदीवर गळ टाकायचा. क्वाशनेट नावाची नदी १९७० च्या दशकात झुडपांनी बुजलेला, वाळू भरलेला नाला झाली होती. ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या केप कॉड शाखेच्या लोकांनी तेव्हापासून दर काही शनिवारी जाऊन हाताने गाळ हलवला, काठ बांधले, ओंडके रोवले, झाडं लावली. अजूनही जातात. मासे परत वाढले. रेड ब्रुकची गोष्ट वेगळी: तिथे लायमन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात ओढ्याकाठची जमीन तुकड्या-तुकड्याने घेतली आणि पिढ्यानपिढ्या राखली. आता ती राखीव आहे आणि मधले जुने बांधही काढले आहेत.

फ्लाय फिशिंगबद्दल थोडं. आपण गळ टाकतो तेव्हा वजन असतं शिशाचं किंवा आमिषाचं. ते भिरकावलं की दोरी मागून जाते. इथे उलटं. आमिष म्हणजे आकड्याला बांधलेले केस आणि पिसं, वजन फुंकरीएवढं. म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. काठीने दोरी फेकायची, ती हवेत उलगडते आणि टोकाची माशी आपसूक पुढे जाते. चित्रफितींत माणूस मोकळ्या नदीत उभा राहून आकाशात अक्षरं काढताना दिसतो ना, ते इथे विसरा. डोक्यावर मेपलच्या फांद्या, पाठीला काटेरी वेली. मागे दोरी न्यायला जागाच नाही. मग माशी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडायची. आठ-दहा फूट जाते. तेवढं पुरतं.

गेल्या शनिवारचा मासा तसाच लागला. ओहोटीचा शेवटचा तास. खाजणातून ओढा वळतो तिथे काठ आतून पोखरलेला आहे, वर गवत लोंबतं. माशी होती मिकी फिन: पिवळे-लाल-पिवळे हरणाच्या शेपटीचे केस, अंग रुपेरी. काठाला घासून सोडली, प्रवाहाने आत नेली, आणि दोरी थांबली. झटका नाही, नुसती थांबली. मला वाटलं मूळ. मग मूळ डोकं हलवायला लागलं.

हात आधी पाण्यात भिजवून घेतला, कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. नऊ इंच. पाठ हिरवट काळी, तिच्यावर वाळवीने कुरतडलेल्या लाकडासारखी नक्षी. खाऱ्या पाण्यातून आलेला म्हणून कुशीवर चांदीचा मुलामा, आणि त्या मुलाम्याखाली बुडाल्यासारखे लाल ठिपके, प्रत्येकाभोवती निळं कडं. खालच्या परांची पुढची कड पांढरी, चुना ओढल्यासारखी, तिच्यामागे काळी रेघ. तळहातावर त्याचं पोट धडधडत होतं. पाण्यातच आकडा सोडवला. बोटांमधून सरकला आणि जिथून आला त्याच पोखरीत गेला.

त्या आनंदात एक पाऊल बाजूला टाकलं ते थेट चिखलात, मांडीपर्यंत. खाजणाचा चिखल कसा असतो हे मी इथल्या लोकांना शिकवायला हवं, आणि मीच फसलो. बाहेर येईपर्यंत भरती लागली. डावा बूट गळतो हेही तेव्हाच कळलं.

विचारा काय विचारायचं ते.

---

तांबडी_माती | १४ एप्रिल, रात्री १०:४१

सगळं वाचलं. एकच प्रश्न. खाल्ला का?

---

खाजणवाला | १४ एप्रिल, रात्री १०:५०

हा प्रश्न पहिला येणार यावर बायकोशी पैज होती. जिंकलो. नाही खाल्ला. मी जातो त्या ओढ्यांवर पकडून सोडायचं असाच नियम आहे आणि आमिषही कृत्रिमच लागतं. नसता नियम तरी नऊ इंची माशात दोन घास.

---

पाटीलबुवा_ठाणे | १५ एप्रिल, सकाळी ७:०५

दोन घास का होईना, रवा लावून... असो. लेख झकास. फोटो टाका.

---

शास्त्रीय_चष्मा | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

छान लिहिलंय, पण एक कीस काढतो. ब्रुक ट्राउट हा ट्राउट नव्हेच. तो चार. (आकडा नव्हे, 'चार' हे माशांच्या एका गटाचं नाव. मराठीत लिहिताना पंचाईत होते खरी.) साल्वेलिनस फॉन्टिनालिस, १८१४ साली मिचिल यांनी वर्णन केलं. फॉन्टिनालिस म्हणजे झऱ्यांचा. तुमचा झऱ्याचा मुद्दा त्याच्या नावातच आहे, तुम्हाला दोन वर्षं लागली.

ओळखायची खूण सोपी: खऱ्या ट्राउटच्या अंगावर फिक्या रंगावर गडद ठिपके, चारच्या अंगावर गडद रंगावर फिके. काश्मीरमध्ये किंवा हिमाचलात बारोटला ज्यांनी पाहिलाय तो ब्राउन ट्राउट, युरोपातून इंग्रजांनी आणलेला, तो पहिल्या प्रकारात.

आणि गंमत ऐका. पूर्व किनाऱ्यावर ज्याच्यासाठी लोक शनिवार घालवतात, तोच मासा पश्चिम अमेरिकेतल्या डोंगरांत बाहेरून नेऊन सोडला होता, आणि तिथे त्याने मूळच्या कटथ्रोट ट्राउटला हुसकावलं. काही ओढ्यांतून त्याला आता मुद्दाम काढून टाकतात. एकीकडे जावई, दुसरीकडे घुसखोर.

---

खाजणवाला | १५ एप्रिल, दुपारी १२:१०

लॅटिन येत असतं तर दोन वर्षं वाचली असती, मान्य. एक भर घालतो: जनुकीय तपासणीत इथल्या किनाऱ्यावरच्या शेजारच्या ओढ्यांतले मासेसुद्धा एकमेकांपासून वेगळे निघालेत. खाडीत उतरतात, पण बहुतेक घरीच परततात. त्यामुळे एक ओढा मेला तर शेजारचा लगेच भरून देईल असं समजू नये.

---

वलगण | १५ एप्रिल, रात्री ११:२०

आमच्याकडे अलिबागच्या बाजूला पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले, खाडीकडचे मासे उलटे वर चढतात. वलगणीचे मासे. अंडी भरलेले असतात, भाताच्या खाचरांत जाऊन घालतात. सगळा गाव रात्री बाहेर. कोणाकडे जाळं, कोणाकडे टोपली, आमच्याकडे जुनी मच्छरदाणी. लहानपणी ती एक रात्र वर्षभर पुरायची. पण खरं सांगायचं तर अंडी घालायला निघालेलाच मासा आपण मारतो, आणि आता दरवर्षी म्हणतो की पूर्वीसारखे चढत नाहीत.

तेव्हा तुम्ही सोडता त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध पकडण्याला आहे. भूक नाही, विकायचा नाही, तरी त्याच्या तोंडात आकडा घालायचा, दमवायचा, कौतुकाने बघायचा आणि 'जा' म्हणायचं. आमची आजी म्हणाली असती, खायचा तर खा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नको. रागावू नका, पण मला यात शिकाऱ्याची हौस दिसते आणि वर पुण्याचा टिळा.

---

तांबडी_माती | १५ एप्रिल, रात्री ११:३४

+१. खाल्ला असता तर निदान हिशेब सरळ होता.

---

खाजणवाला | १६ एप्रिल, रात्री ९:००

वलगण, रागावलो नाही. टिळ्याचं वाक्य लागलं, म्हणजे त्यात काहीतरी आहे.

मी काय करतो ते सांगतो, समर्थन म्हणून नाही. आकड्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करतो, म्हणजे सुटताना फाटत नाही. मासा पाण्याबाहेर काढत नाही, त्यामुळे पाटीलबुवा, फोटो नाही. पाणी अठरा अंशांवर असेल तर काठी गाडीतच राहते, कारण तापलेल्या पाण्यात दमवलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. ऑक्टोबरनंतर अंडी घालायच्या जागी काठी घेऊन फिरकतही नाही.

हे सगळं करूनही माशाच्या बाजूने बघितलं तर मी नसलेलाच बरा. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच दिसतं की क्वाशनेटचा गाळ ज्यांनी उपसला ते सगळे गळ टाकणारेच होते. त्यांना त्या नाल्यात मासा होता हे ठाऊक होतं. बाकीच्यांना तो नाला होता.

---

वलगण | १६ एप्रिल, रात्री ९:४५

शेवटचं पटलं. पहिलं अजून नाही. चालू द्या.

---

व्हाळातलो | १६ एप्रिल, रात्री १०:०२

पयलो पाऊस पडलो की आमच्या व्हाळात मासे चढतत. बत्ती, कोयतो नि इरलां घेवन रातभर. एका रातीत टोपलां भरता. चार वर्सात अकरा म्हणजे तुमची गरी देवळात नेवन ठेवा, उगाच भायर काढू नका.

---

खाजणवाला | १६ एप्रिल, रात्री १०:०८

:) गरीला नारळ दिलाय. गुण येईना.

---

लाल_बेट | १८ एप्रिल, पहाटे ५:१५

नमस्कार, मी कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर शिकते. धागा वाचून इथे खाते उघडलं. आमच्याकडेही हाच मासा, आणि समुद्रातून परतलेल्याला इथले लोक सरळ 'सी ट्राउट' म्हणतात. तुमच्यापेक्षा मोठे होतात आणि हंगामात, मर्यादेत राहून खायला नेतात. घरमालकांनी मला वाढलाय: लोणी आणि मीठ, बाकी काही नाही. मांस नारिंगी. मी वरून गुपचूप तिखट टाकलं.

इथली अडचण वेगळी. बेटाची माती लाल, आपल्या कोकणाची आठवण येते इतकी, आणि सगळीकडे बटाट्याची शेतं. जोराचा पाऊस झाला की ती माती आणि फवारलेली औषधं ओढ्यात. काही उन्हाळ्यांत पावसानंतर ओढ्याच्या कडेला मेलेले मासे सापडतात, बातम्या येतात, आठवडाभर चर्चा होते. झऱ्याचं पाणी इथेही थंडच आहे. पण अंडी खड्यांच्या फटींत असतात. फटींत गाळ बसला की आत पाणी खेळत नाही, अंडी गुदमरतात.

---

मीनाक्षी_ब | १८ एप्रिल, सकाळी ११:५०

भूजल हा माझा कामाचा विषय, म्हणून इथे उडी. खाजणवाल्यांनी जे वाळूच्या ढिगाचं कौतुक केलं त्याची दुसरी बाजू सांगते. वाळू पाऊस पटकन आत घेते, तशी बाकीचं सगळंही घेते. केपवरच्या लष्करी तळाखालच्या भूजलात वर्षानुवर्षं सांडलेलं इंधन आणि रसायनं गेली. १९८९ मध्ये तो तळ अमेरिकेच्या सर्वांत दूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत टाकला. ते दूषित पाणी जमिनीखाली लांबट पट्ट्यांनी सरकत जातं आणि त्यातला एक पट्टा तुमच्या क्वाशनेटच्या दिशेनेच निघाला होता. पाणी उपसून, गाळून परत सोडायचं काम अनेक वर्षं चाललंय.

त्याहून चिवट भानगड घरोघरच्या शोषखड्ड्यांची. केपवरच्या बहुतेक घरांना गटारजोडणी नाही. मैल्यातला नायट्रोजन वाळूतून भूजलात, भूजलातून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत. तिथे शेवाळ माजतं आणि ज्या गवताळ उथळ पाण्यात तुमचा सॉल्टर हिवाळ्यात चरतो तेच बिघडतं. थंडगार स्वच्छ दिसणारं पाणी, प्यायलं तर कळणारही नाही.

कोकणात किनाऱ्यालगत घरोघरी बोअर मारून आपण वेगळ्या वाटेने तिथेच पोचतोय: गोडं पाणी उपसलं की खालून खारं चढतं.

---

खाजणवाला | १८ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

मीनाक्षीताई, यावर वेगळा धागा काढाच.

चरण्यावरून आठवलं. खाडीत हे खातात काय, तर आपल्या जवळ्याएवढी कोळंबी आणि मम्मीचॉग नावाचे बोटभर मासे. हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांचा, अर्थ थव्याने जाणारे. क्वाशनेट, मॅशपी ही नावंही त्यांचीच. मॅशपी वाम्पनोआग लोक आजही तिथेच राहतात.

---

गुप्त_गरी | २१ एप्रिल, रात्री १२:३०

मी न्यू जर्सीत असतो, पंधरा वर्षं माशी टाकतोय. लेख चांगला, पण ओढ्यांची नावं द्यायला नको होती. एवढ्याशा पाण्यात दहा माणसं वाढली तरी काठ ढासळतात. आमच्यात अलिखित नियम आहे: मासा सांगा, जागा सांगू नका. कृपया संपादित करा.

---

खाजणवाला | २१ एप्रिल, सकाळी ८:१५

मुद्दा कळतो. पण मी घेतलेली नावं जागोजागी पाटीवर आहेत, राखीव क्षेत्राच्या नकाशात छापलेली आहेत. लोकांना नावच माहीत नसेल तर उद्या तिथे गोल्फचं मैदान होताना बोलणार कोण? नऊ इंची मासा लागला तो ओढा कुठला, हे मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. बायकोलाही फक्त गाव माहीत आहे.

---

नवशिकी_नीलम | २३ एप्रिल, दुपारी ३:४०

मी ऱ्होड आयलंडला नवीन आले आहे, कधी गळ हातात धरलेला नाही. काय काय लागतं? खर्च किती? आणि भरतीचं कसं बघायचं?

---

खाजणवाला | २३ एप्रिल, रात्री ९:२०

नीलम, काठी सात-साडेसात फुटी, तीन किंवा चार नंबरची (नंबर दोरीच्या वजनाचा). लांब घेऊ नका, झाडांत अडकेल. पहिली काठी जुन्या बाजारातून घ्या, मोडणार आहे. माश्या पाच-सहा पुरतात: मिकी फिन, ब्लॅक-नोज डेस, एखादी तपकिरी वुली बगर. त्यातल्या निम्म्या झाडांना वाहाल. राज्याचा परवाना काढा, आणि त्या-त्या ओढ्याचा नियम त्याच वर्षीच्या पुस्तिकेत बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

भरतीचं: केपच्या दोन्ही बाजू एकसारख्या नाहीत. बझर्ड्स बेच्या बाजूला पाणी साधारण चार फूट चढतं, केप कॉड बेच्या बाजूला नऊ-दहा. मुंबईच्या उधाणाची सवय असेल तर दुसरं ओळखीचं वाटेल. उतरत्या पाण्याचे शेवटचे दोन तास मला बरे वाटतात, खाजणातलं सगळं खाद्य तेव्हा एका चिंचोळ्या धारेत येतं. मात्र परतायची वाट भरती लागायच्या आधी बघून ठेवा. माझा मांडीपर्यंतचा अनुभव वर आहेच.

पण यापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी. एक, विषारी आयव्ही ओळखायला शिका. तीन-तीन पानांची वेल, हात लागला तर पंधरा दिवस खाजवाल. दोन, गोचीड. हरणांवरची, तिळाएवढी. लाइम रोग तिच्यामुळे होतो, आणि त्याचं नाव शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरूनच पडलंय. घरी आल्यावर कपडे बाहेर, अंघोळ, आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासणी. मला एकदा कानामागे मिळाली.

---

पाटीलबुवा_ठाणे | २३ एप्रिल, रात्री ९:४५

चिखल, काटे, विषारी वेल, गोचीड, चार वर्षांत अकरा मासे आणि खायचे नाहीत. पगार किती देतात?

---

खाजणवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

धागा वर काढतोय, माफ करा.

आज काठीशिवाय गेलो होतो. पाणी नऊ अंश, पानं सगळी खाली. वरच्या भागात, जिथे तळातून पाणी पाझरतं, तिथे वाळूखड्यांत ताटाएवढा फिका डाग दिसला. मादीने शेपटीने घासून काळं शेवाळ उडवलं की तळ असा उजळतो. ती त्या डागावर होती, कुशीवर कलून झटके देत; दर झटक्याला बारीक खडे उडून खाली लोळायचे. मागे दोन नर. मोठ्याचं पोट कुंकवासारखं, कडेने काळं, आणि परांच्या त्या पांढऱ्या कडा गढूळ उजेडात चार रेघांसारख्या दिसत होत्या. मासा दिसायचा नाही, रेघा दिसायच्या. छोटा नर बाजूने घुसू बघे, मोठा त्याला खाली पिटाळे, तेवढ्यात हिचे खडे. पाऊण तास मी एका ओंडक्यामागे बसून होतो. अंडी आता हिवाळाभर तिथेच, दहा अंशांच्या पाझरावर.

यातला कोणता खाडीत जाऊन आलेला होता ते सांगता आलं नाही. वरच्या पाण्यात आले की चांदी उतरते.

---

वलगण | ९ नोव्हेंबर, रात्री ९:०२

काठीशिवाय गेलात. बरं वाटलं. एप्रिलमध्ये मुलीकडे बॉस्टनला येतोय, तीन आठवडे. मला एकदा न्या. मी गळ धरणार नाही, नुसता काठावर बसेन आणि टोमणे मारेन.

---

तांबडी_माती | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

आणि मी डबा आणेन. अंडा भुर्जी, माशाचा विषय नको.

---

खाजणवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

वलगणकाका, नक्की या. एप्रिलमध्ये हेरिंग चढतात तेही दाखवतो, आपल्या पाल्याच्या (हिलसा माशाच्या) गोतावळ्यातले. २००६ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांना हात लावायला बंदी आहे, त्यामुळे मच्छरदाणी घरी ठेवून या. येताना अलिबागचा पांढरा कांदा जमला तर बघा, विमानतळावर अडवला तर राहू दे. कमरेपर्यंतचे बूट माझ्याकडे दोन जोड आहेत. एकाचा डावा गळतो, तो कोणाला द्यायचा ते टोमण्यांवर ठरेल.